हिशेबाच्या तक्त्यात याद्यांची वस्ती

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या एक्सेल विभागातली मंडळी ग्राहकांच्या कचेऱ्यांत जाऊन बसू लागली. एक्सेलची पाचवी आवृत्ती घडवायची होती. आधीची आवृत्ती लोक कशी वापरतात, हे त्यांना शेजारी खुर्ची टाकून पाहायचं होतं. त्यांच्या डोक्यात एक्सेल म्हणजे हिशेबाचं यंत्र. अंदाजपत्रक मांडावं, कर्जाचे हप्ते काढावेत, व्याजाचा दर बदलला की खालचे सगळे आकडे आपसूक बदलावेत, यासाठी त्यांनी ते बनवलं होतं. पाचेक ग्राहक पाहून होईतोवर त्यांच्या ध्यानात आलं की पुष्कळ लोक त्यात साधी बेरीजसुद्धा करत नाहीत. ते याद्या करतात. त्या विभागात तेव्हा काम करणाऱ्या जोएल स्पोल्स्की यांनी हा अनुभव पुढे लिहून ठेवला. स्प्रेडशीटच्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची नोंद मानायला हवी.

कारण हा इतिहास नेहमी हिशेबनिसांच्या बाजूने सांगितला जातो. आकडेमोडीचा कंटाळा, मग एका हुशार विद्यार्थ्याची कल्पना, मग घरगुती संगणकाचा खप. हे सगळं खरं आहे. पण शाळेचा हजेरीपट, सोसायटीच्या सभासदांची नावं, लाभार्थ्यांची यादी, दुकानातला साठा यांचा त्यात पत्ता नसतो. यादी सांभाळणाऱ्यांनी हिशेबाच्या तक्त्यात हळूहळू घर केलं. त्या तक्त्याच्या बहुतेक सोयी आणि बहुतेक अपघात त्यातूनच निपजले आहेत.

यादी लिहिणं सोपं असतं. हाल होतात ते तिचा क्रम बदलताना. गावाप्रमाणे लिहिलेली हजार नावं वयाप्रमाणे हवी असतील तर कागदावर ती पुन्हा लिहून काढण्यावाचून इलाज नाही. भारतात या अडचणीचा सर्वांत मोठा सामना खानेसुमारीच्या कचेऱ्यांनी केला. १८८१ आणि १८९१ साली प्रत्येक कोष्टकासाठी मोठाले तक्ते आखले जात. कारकून मूळ नोंदी वाचत वाचत योग्य त्या रकान्यात रेघ मारी. वयाचं कोष्टक झालं की व्यवसायाच्या कोष्टकासाठी तीच वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचायची. एखादी रेघ शेजारच्या रकान्यात पडली तर ती कोणाची, हे शोधायला वाव नव्हता.

१९०१ साली ही रीत बदलली. मुंबई इलाख्यात नोकरी केलेले आणि १८९१च्या शिरगणतीचे प्रमुख असलेले जे. ए. बेन्स यांनी शिफारस केलेली चिठ्ठ्यांची पद्धत देशभर लागू झाली. मूळ पद्धत बव्हेरियाची. जर्मन संख्याशास्त्रज्ञ गेओर्ग फॉन मायर यांनी ती तिथल्या १८७१च्या गणनेत वापरली होती. दर माणशी एक चिठ्ठी. धर्म ओळखता यावा म्हणून कागदाचे रंग वेगळे. चिठ्ठ्या कप्प्यांत वाटायच्या, मोजायच्या, आकडा लिहायचा. मग सगळ्या पुन्हा एकत्र करून दुसऱ्या प्रश्नासाठी दुसऱ्या कप्प्यांत वाटायच्या. त्या वर्षी २९ कोटी ४३ लाख माणसं मोजली गेली, म्हणजे तितक्या चिठ्ठ्या माणसांच्या बोटांखालून गेल्या, आणि त्याही अनेकदा.

इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. रेघांच्या तक्त्यात माणूस हरवून फक्त बेरीज उरत होती. चिठ्ठीमुळे माणसाची नोंद अखंड राहिली आणि तिला हवे तितके प्रश्न विचारता येऊ लागले. अमेरिकेत हर्मन हॉलेरिथ यांनी १८९०च्या जनगणनेत भोकं पाडलेली कार्डं आणि विजेवर चालणारी यंत्रं वापरून हेच साधलं होतं. भारतात ते कारकुनांच्या हातांनी झालं. एक नोंद, एक ओळ, आणि त्या ओळींची पाहिजे तशी वाटणी. आजच्या प्रत्येक मोठ्या शीटच्या मुळाशी हीच मांडणी आहे.

स्प्रेडशीट मात्र या वाटेने आलीच नाही. ती आली अकाउंटंटच्या टेबलावरून, आखीव कागदाच्या रुंद पानावरून. १९६९ साली रेने पार्डो आणि रेमी लांडाऊ या दोघांनी ‘लॅनपार’ नावाची प्रणाली रचली. तिच्यात सेलमधले फॉर्म्युले कोणत्याही क्रमाने लिहिले तरी उत्तर बरोबर येई. बेल कॅनडा आणि जनरल मोटर्ससारख्या कंपन्यांची अंदाजपत्रकं तिच्यावर चालत. पण ती मोठ्या यंत्रांवर चालणारी. घराघरांत पोचण्याची वेळ अजून आली नव्हती.

ती वेळ आणली डॅन ब्रिकलिन यांनी. १९७८ साली ते हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत होते. प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचं कोष्टक मांडत आणि मधला एक आकडा चुकला किंवा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहीत. ब्रिकलिन यांना वाटलं, फळाच असा असावा की एक आकडा पुसला की बाकीचे आपोआप दुरुस्त व्हावेत. डॅन फिलस्ट्रा यांच्याकडून उसन्या घेतलेल्या ॲपल टू संगणकावर त्यांनी नमुना तयार केला. मग त्यांचे मित्र बॉब फ्रँकस्टन यांनी रात्री जागून खरा प्रोग्रॅम लिहिला. रात्री जागण्याचं कारण साधं होतं: ज्या मोठ्या संगणकावर काम करायचं त्याचं भाडं रात्री कमी पडे. १९७९च्या ऑक्टोबरमध्ये ‘व्हिजिकॅल्क’ बाजारात आलं. किंमत १०० डॉलरच्या आसपास. आडवी अक्षरं, उभे आकडे, ‘ए१’ हा डाव्या कोपऱ्यातला पत्ता, हे सगळं तेव्हापासूनचं. त्या काळी सॉफ्टवेअरला पेटंट मिळण्याची शक्यता नगण्य समजली जाई. त्यामुळे पेटंट घेतलं गेलं नाही आणि ही कल्पना सर्वांना मोकळी राहिली.

व्हिजिकॅल्कमध्ये ६३ रकाने आणि २५४ ओळी होत्या. वर्षाच्या अंदाजपत्रकाला एवढं भरपूर झालं. यादीला हे पुरणार नव्हतंच, शिवाय ओळी क्रमाने लावण्याची आज्ञाही पहिल्या व्हिजिकॅल्कमध्ये नव्हती. ती नसण्यात काही चूक नव्हती. अंदाजपत्रकात ‘विक्री’, ‘खर्च’, ‘नफा’ या ओळी अकारविल्हे लावून काय मिळणार? हिशेबाच्या कागदावर प्रत्येक ओळीची जागा ठरलेली असते आणि ती हलली तर हिशेब कोसळतो. यादीतल्या ओळींना मात्र स्वतःची अशी जागाच नसते. एकाच तक्त्यात या दोन स्वभावांचा संसार सुरू व्हायचा होता.

तो सुरू झाला २६ जानेवारी १९८३ रोजी. मिच केपर आणि जोनाथन सॅक्स यांचं ‘लोटस १-२-३’ आयबीएमच्या पीसीसाठी आलं. नावातला पहिला आकडा हिशेबाच्या तक्त्याचा, दुसरा आलेखांचा आणि तिसरा डेटाबेसचा, म्हणजे याद्यांचा. तिरकी रेघ दाबायची, मेनूतून ‘डेटा’, मग ‘सॉर्ट’. यादी नावाप्रमाणे, आणि नावं सारखी असतील तर दुसऱ्या रकान्याप्रमाणे लागे. अटी एका कोपऱ्यात लिहून त्यात बसणाऱ्या ओळी वेगळ्या काढता येत. ‘थकबाकी अमुक रुपयांहून जास्त’ अशी चाळणी लावणं त्या काळच्या कारकुनाला केवढं वाटलं असेल, याची कल्पना चिठ्ठ्यांच्या कप्प्यांवरून यावी. पहिल्याच वर्षी लोटस कंपनीची उलाढाल ५.३ कोटी डॉलरवर गेली.

२५६ रकाने आणि २,०४८ ओळी मिळाल्याबरोबर लोक त्या भरू लागले. मग पीसीची स्मृती पुरेना. सगळी शीट एकाच वेळी मेमरीत मावली पाहिजे, ही लोटसची अट, आणि डॉसमध्ये वापरता येण्याजोगी जागा ६४० किलोबाइट. यादी वाढत गेली की मशिनची मेमरी भरून जाई आणि काम थांबे. १९८५ साली लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून जादा मेमरी जोडण्याचं मानक ठरवलं. तिघांच्या आद्याक्षरांवरून ते ‘लिम’ म्हणून ओळखलं गेलं. एरवी एकमेकांना बाजारात पाण्यात पाहणाऱ्या लोटस आणि मायक्रोसॉफ्टलाही शीटच्या लांबीने एका टेबलाशी आणलं.

याद्यांसाठी वेगळं सॉफ्टवेअर नव्हतं असं मुळीच नाही. वेन रॅटलिफ यांचं ‘डीबेस’ १९८०पासून बाजारात होतं आणि त्याआधी १९७० साली एडगर कॉड यांनी नोंदींच्या साठवणीचं गणितच मांडून ठेवलं होतं. महाराष्ट्रातल्या शहरांत १९९०च्या आसपास जे कॉम्प्युटर क्लास निघाले, त्यांच्या पाट्यांवर ‘डॉस, वर्डस्टार, लोटस, डीबेस’ ही चौकडी हमखास असे. शास्त्राप्रमाणे याद्या डीबेसमध्ये जायला हव्या होत्या. पण डीबेस आधी विचारी: रकाने किती? प्रत्येकाचं नाव काय? त्यात अक्षरं येणार की आकडे? जास्तीत जास्त किती लांब? आपली यादी पुढे कशी वाढणार, हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्याने याची उत्तरं द्यावीत. बहुतेकांना ते ठाऊक नसतं. शीट काहीच विचारत नाही. पहिल्या सेलमध्ये नाव टाका, शेजारी फोन टाका, महिन्याने वाटलं तर ‘शेरा’ नावाचा रकाना जोडा. या मोकळेपणासाठी लोकांनी पुढे पुष्कळ किंमत मोजली, तरी निवड चुकीची होती असं म्हणता येत नाही. काम सुरू करू देणारं अवजार माणूस आधी उचलतो.

ही गोष्ट खुद्द लोटसच्या हुशार मंडळींना कळली नाही. १९९१ साली त्यांनी ‘इंप्रूव्ह’ आणलं, तेही स्टीव्ह जॉब्ज यांच्या नेक्स्ट संगणकावर. पिटो सालास यांच्या कल्पनेतून ते जन्मलं होतं. आकडे एकीकडे, फॉर्म्युले दुसरीकडे, आणि ‘प्रांत’, ‘महिना’, ‘माल’ अशा शीर्षकांच्या पट्ट्या माऊसने ओढून तोच मजकूर वेगवेगळ्या बाजूंनी पाहायचा. आकडेमोडीसाठी ते देखणं होतं. पण मनाला येईल तिथे चार नावं खरडायची सोय त्यात नव्हती. १९९३ साली विंडोजवर येऊनही ते चाललं नाही. स्पोल्स्की यांचा निष्कर्ष स्पष्ट आहे: इंप्रूव्ह हिशेबाला उत्तम आणि यादीला निरुपयोगी होतं, आणि लोकांना याद्या करायच्या होत्या.

इंप्रूव्ह गेलं, पण त्यातली पट्ट्या ओढण्याची युक्ती वाचली. ‘एक्सेल ५’ने ती पिव्होट टेबलच्या रूपाने घेतली. रकान्याच्या डोक्यावर छोटा बाण देऊन चाळणी लावणारा ऑटोफिल्टरही त्याच आवृत्तीत आला. पिव्होट टेबलची करामत समजून घ्यायची तर १९०१च्या कचेरीतच जावं. यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे एक चिठ्ठी. ‘तालुका’ आडवा ठेवला, ‘वयोगट’ उभा ठेवला की चिठ्ठ्या कप्प्यांत पडतात आणि मोजल्या जातात. माऊसने ‘वयोगट’ काढून ‘व्यवसाय’ ठेवला की सगळ्या पुन्हा गोळा होऊन नव्याने वाटल्या जातात. मूळ यादीला धक्का लागत नाही. सालास यांना आज पिव्होट टेबलचे जनक म्हटलं जातं ते रास्तच आहे. त्यांच्या सॉफ्टवेअरला न मिळालेला ग्राहक त्यांच्या कल्पनेला मिळाला.

हिशेब आणि यादी यांचा झगडा एकाच ठिकाणी उघडा पाहायचा असेल तर ‘व्हीलुकअप’ घ्यावं. एका यादीतला क्रमांक दुसऱ्या यादीत शोधून त्याच्यासमोरची माहिती आणणारं हे फंक्शन. कचेरीत ज्याला ते येतं त्याच्याभोवती महिनाअखेरीस गर्दी जमते. त्याच्या शेवटी ‘फॉल्स’ किंवा शून्य लिहायला विसरायचं नाही, असं प्रत्येक शिकवणारा बजावतो. का लिहायचं, हे मात्र फार थोडे सांगतात. या फंक्शनचा पूर्वज व्हिजिकॅल्कमध्ये होता आणि तो कराच्या टप्प्यांसारख्या कामासाठी होता. उत्पन्न ३ लाख ४० हजार असेल तर तक्त्यात तो आकडा सापडणार नाही. त्याच्या खालचा सर्वांत जवळचा टप्पा शोधायचा आणि त्याचा दर लावायचा. म्हणून ‘जवळपासचं चालेल’ हा त्याचा मूळ स्वभाव, आणि तक्ता चढत्या क्रमात असणार हे त्याने गृहीत धरलेलं. कराला हे शहाणपणाचं. पण सभासद क्रमांक ३४० सापडला नाही म्हणून ३३९ची माहिती आणून ठेवणं यादीला घातक. शेवटचं शून्य त्याला सांगतं की जवळपासचं नको, तेच हवं. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने ‘एक्सलुकअप’ जाहीर केलं आणि त्यात तंतोतंत जुळणी हा मूळ स्वभाव ठरवला. व्हिजिकॅल्कपासून तिथवर यायला चाळीस वर्षं लागली.

मराठी याद्यांना आणखी एक वेगळी अडचण सोसावी लागली. तिची नोंद इंग्रजी इतिहासांत कुठे नसते, म्हणून ती इथे सविस्तर सांगितली पाहिजे. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये टाइप होई. हे फॉन्ट दिसायला देवनागरी, पण आतून इंग्रजी अक्षरांच्या जागा वापरणारे. एकेका खुणेला, म्हणजे अर्ध्या अक्षराला, काण्याला, वेलांटीला, एकेक जागा. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते, म्हणून साठवलीही आधीच जाई. अशी यादी एक्सेलमध्ये सॉर्ट केली की एक्सेल आपल्या परीने आतल्या चिन्हांचा क्रम लावी. परिणाम असा की दिनेश, निशा, विजय, शिवाजी ही सगळी नावं वेलांटीच्या एका खुणेखाली एकत्र गोळा होत, आणि विजय मात्र वसंतपासून कितीतरी ओळी दूर जाऊन पडे. यादी दुसऱ्या संगणकावर नेली आणि तिथे तो फॉन्ट नसला तर समोर इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन कचरा. दोन कचेऱ्यांचे फॉन्ट वेगळे असले की एकीची यादी दुसरीशी जुळवणं अशक्यच. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी मराठी माणसांच्या मराठी नावांच्या याद्या रोमन लिपीत ठेवल्या गेल्या. मग एकच नाव कोणी एका स्पेलिंगने लिहिलं, कोणी दुसऱ्या, आणि व्हीलुकअपला ती दोन माणसं वाटली.

हे टाळण्याची सोय भारतात आधीपासून होती. ‘इस्की’ या भारतीय मानकात अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवली जात, आधी व्यंजन मग स्वर, आणि पुण्याच्या सी-डॅकने त्यावर आधारलेलं ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुढे नेलं. युनिकोडने देवनागरीची मांडणी याच मानकावरून घेतली. विंडोज २०००पासून मंगल फॉन्टसह युनिकोड देवनागरी थेट लिहिता येऊ लागली आणि विजय ‘व’च्या घरात परतला. एक प्रश्न तरीही राहतोच. क्षीरसागर आडनाव आतल्या क्रमांकांप्रमाणे लावलं तर ‘क’खाली जातं, वर्णमालेच्या तक्त्याप्रमाणे लावलं तर सर्वांत शेवटी. दोन्ही रिवाज मराठीत आहेत, तेव्हा कोणता पाळायचा ते यादी करणाऱ्याने आधी ठरवलेलं बरं.

२००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने, म्हणजे एमकेसीएलने, एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू केला. सरकारी नोकरीसाठी तो किंवा तत्सम प्रमाणपत्र लागू लागलं आणि तालुक्याच्या गावापर्यंत केंद्रं निघाली. तेव्हापासून एक कोटीहून अधिक लोकांनी हा अभ्यासक्रम केला आणि एक्सेल हा त्याचा ठरलेला भाग. ‘माहिती एक्सेलमध्ये पाठवा’ हे वाक्य वरिष्ठ कार्यालयाच्या पत्रात नित्याचं झालं. शिक्षक, ग्रामसेवक, आशा कार्यकर्त्यांचं काम सांभाळणारे कर्मचारी, पतपेढीतले कारकून, सगळे या तक्त्याशी बांधले गेले.

आणि मग तक्त्याचा जुना स्वभाव त्यांना भेटू लागला. एक्सेलला आकडा दिसला की तो मोजायचा आकडाच असणार, असं ते धरून चालतं. बँकेचा खातेक्रमांक शून्याने सुरू होत असेल तर ते शून्य उडतं, कारण हिशेबात सुरुवातीच्या शून्याला किंमत नसते. बारा अंकी आधार क्रमांक टाकला की समोर १.२३४५७ई+११ असं काहीतरी उमटतं. सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक तर गुपचूप शून्य होतो, कारण एक्सेल पंधराच अंक नेमके धरतं. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घेतला तर हे टळतं. पण खातेक्रमांक ही बेरीज करायची गोष्ट नाही, हे यंत्राला माणसाने सांगावं लागतं.

शास्त्रज्ञही यातून सुटले नाहीत. माणसाच्या जनुकांना इंग्रजी आद्याक्षरांवरून नावं दिलेली असतात. ‘सेप्ट२’ किंवा ‘मार्च१’ अशी नावं शीटमध्ये टाकली की एक्सेल त्यांना २ सप्टेंबर आणि १ मार्च करून टाकी. २००४ सालीच संशोधकांनी याबद्दल सावध केलं होतं. २०१६ साली मार्क झिमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध निबंधांना जोडलेल्या जनुकांच्या एक्सेल याद्या तपासल्या, तेव्हा सुमारे एक पंचमांश निबंधांत अशी बिघडलेली नावं सापडली. अखेर २०२० साली जनुकांच्या नामकरण समितीने नवे नियम केले आणि सुमारे वर्षभरात २७ जनुकांची नावं बदलल्याचं सांगितलं. ‘मार्च१’चं ‘मार्चएफ१’ झालं. तीन वर्षांनी मायक्रोसॉफ्टने असं आपोआप रूपांतर बंद ठेवण्याचा पर्याय दिला. हा क्रम खेदाचा आहे: आधी नावं बदलली, मग सॉफ्टवेअर.

यादी लांबली आणि फॉर्म्युला मागे राहिला, हा अपघात तर सर्वांत साधा. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या २०१० सालच्या गाजलेल्या निबंधात सरासरी काढणारा फॉर्म्युला विसापैकी पंधराच देशांच्या ओळींवर फिरला होता. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क बाहेर राहिले. २०१३ साली थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ शीट मागवून ते दाखवून दिलं. त्या निबंधावरच्या वादात ही चूक आकड्यांच्या मानाने छोटी होती. मोठे आक्षेप दुसरे होते. पण लोकांच्या लक्षात राहिली ती हीच, कारण असं प्रत्येकाच्या हातून होऊ शकतं. एक्सेल २००७मध्ये आलेल्या ‘टेबल’ या सोयीचा उपयोग इथेच आहे. यादीला टेबल म्हणून घोषित केलं की नवी ओळ आली तरी फॉर्म्युला तिला आपल्यात घेतो. इतकी वर्षं मिळूनही ही सोय अनेक कचेऱ्यांत वापरली जात नाही, हे पाहून हळहळ वाटते.

त्याच २००७च्या आवृत्तीने ओळींची मर्यादा वाढवून दिली. एक्सेल ९५पर्यंत १६,३८४ ओळी होत्या, ९७पासून ६५,५३६ झाल्या, आणि २००७मध्ये १०,४८,५७६. रकाने १६,३८४. दोन्हींचा गुणाकार १,७१७ कोटींच्या वर जातो. आता यादी मावणार नाही असं होणं नाही, असं वाटलं.

२०२०च्या सप्टेंबरअखेर इंग्लंडमध्ये ती मावली नाही. करोना चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून साध्या मजकुराच्या फाइलींत येत आणि तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत ते एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत ओतले जात. जुनी फाइल, म्हणून ६५,५३६ ओळींची हद्द. एका रुग्णाच्या माहितीला अनेक ओळी लागत, त्यामुळे एका फाइलीत जेमतेम १,४०० रुग्ण बसत. पुढच्या ओळी गळून पडल्या आणि कोणाला कळलं नाही. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रोजच्या आकड्यांतून सुटले. त्या रुग्णांना आपला निकाल कळला होता; त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधणाऱ्यांकडे मात्र ती नावं वेळेवर पोचली नाहीत. तेरा वर्षांपूर्वी उठलेली हद्द एका जुन्या फाइलप्रकारात शिल्लक होती, एवढंच कारण.

त्याच वर्षी भारतात याद्यांनी वेगळं काम केलं. मार्च २०२०मध्ये काही स्वयंसेवकांनी ‘कोविड१९इंडिया’ हा उपक्रम सुरू केला. राज्यांची रोजची पत्रकं वाचून ते गुगल शीटमध्ये नोंदी करत. सुरुवातीला एका रुग्णाची एक ओळ: तारीख, वय, जिल्हा, राज्य, संसर्ग कुठून झाला, आणि बातमीचा दुवा. अनेक माणसं एकाच वेळी एकाच तक्त्यात लिहीत होती आणि एकमेकांची नोंद तपासत होती. यादी एका शीटमध्ये मावेनाशी झाली तेव्हा त्यांनी तिचे क्रमाने भाग पाडले आणि प्रत्येक भाग सर्वांना उघडा ठेवला. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी उपक्रम थांबेपर्यंत वर्तमानपत्रं, संशोधक आणि सामान्य नागरिक देशाचे आकडे या तक्त्यांवरून पाहत होते. सरकारी नसलेली, पण सरकारी कागदावरून ओळ ओळ तपासलेली इतकी मोठी यादी देशाने याआधी क्वचितच पाहिली असेल.

२०२१च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली तेव्हा मुंबई, पुणे, नागपूरपासून दिल्लीपर्यंत शेकडो शीट एका रात्रीत उभ्या राहिल्या. खाटा, ऑक्सिजन सिलिंडर, प्लाझ्मा देणारे, घरपोच डबा देणारे. कॉलेजातली मुलं फोन फिरवून माहिती खरी आहे का ते विचारत आणि ओळ बदलत. त्या शीटमध्ये फॉर्म्युले जवळजवळ नव्हतेच. शहराच्या रकान्याला फिल्टर लावायचा आणि नंबर घ्यायचा. काही तासांत माहिती शिळी होई, म्हणून अनेक याद्यांत आणखी एक रकाना जोडला गेला: शेवटचा फोन किती वाजता केला. खाटा किती, याच्याआधी लोक तो रकाना वाचत आणि यादी त्याच रकान्यावर लावून ठेवत, ताजी वेळ सर्वांत वर.